कालव्याकाठचा दुसरा अर्जुना

हरणाबाई गेल्याचं कळलं तेव्हा अर्जुना डाळिंबाच्या बागेत पाण्याच्या टाकीवर उभा होता. वस्तीवर फोनला रेंज नाही, टाकीवर चढलं तरच लागतो. जावयाचे तीन मिसकॉल दिसले म्हणून तो चढला होता. सकाळचे साडेसात झाले होते आणि खाली मेंढरं सुटायची वाट बघत ओरडत होती.

“मामा, तुमी जरा बसून घ्या,” दिग्विजय म्हणाला. जावई सिंगापूरला कंपनीत नोकरीला. एरवी हसल्याशिवाय बोलत नसे.

“टाकीवर हाय मी. बसू कुठं? बोला.”

“मामी फिराय गेल्या हुत्या. तिथंच बाकड्यावर बसल्या आन् कलंडल्या. गाडी आली, डॉक्टर आलं. पण मामा, मामी राहिल्या न्हाईत.”

अर्जुनानं विचारलं, “बाळ कुणापाशी हाय?”

हे आपण का विचारलं, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

हरणाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. स्वप्नाली एकुलती एक लेक. अडीच महिन्यांपूर्वी निघताना हरणाबाई नवऱ्याला म्हणाली होती, तुमीबी पासपोर्ट काढा, दोघं जाऊ. तेव्हा अर्जुना म्हणाला होता, “मेंढरं आन् बाग काय तुझा बाप बघणार?” ती म्हणाली, “माझा बाप असता तर त्यानं बघितली असती.” एवढं बोलून ती एकटी गेली. सातवी शिकलेला नवरा घरी राहिला आणि अंगठा उठवणारी बाई समुद्रापार गेली, यावर वस्तीवर महिनाभर चेष्टा चालली.

प्रेत इकडं आणायला दिवस लागणार होते. अर्जुनाच म्हणाला, “तिची आबाळ नको, तिथंच उरका.” तेही टाकीवरूनच. दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोचं शेवटचं फोनवर बघितलं. चित्र थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. हरणाबाईचा चेहरा फुलांत नीट दिसला नाही. दिसला तो पेटीच्या बाजूला उभा असलेला एक उंच म्हातारा. पांढरी टोपी, तोंडाला रुमाल. सगळ्यांत जास्त तोच रडत होता.

“त्यो कोण?” अर्जुनानं लेकीला विचारलं.

“फलटणचे काका. त्यांच्या पोराचा फ्लॅट आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत हाय. आई रोज त्यांच्यासंगं फिराय जायची. तात्या, आईला शेवटचं पाणी त्यांनीच पाजलं.”

मग चित्र थांबलं ते परत आलंच नाही.

आमच्याकडं शेवटचं पाणी साधी गोष्ट नाही. माणूस चाललं की घरातले धावतात, लेक धावतो, नवरा धावतो, भावकीत बोलणं नसलं तरी माणूस येतो, कारण त्या दोन चमचे पाण्याचा हक्क असतो. अर्जुनानं स्वतःच्या बापाला पाजलं होतं, आईला पाजलं होतं. हरणाबाईचं आपल्या हातून किंवा आपलं तिच्या हातून, याच्या पलीकडं त्यानं काही धरलंच नव्हतं. आणि ते पाणी फलटणचा कोण कुठला माणूस पाजून मोकळा झाला होता.

तेरावा झाला. भेटायला येणारी माणसं कमी झाली. दुःख होतं ते होतंच, पण अर्जुनाला रात्रंदिवस खात होती ती पांढरी टोपी. जेवताना आठवायची. मेंढरामागं आठवायची. एका बायकोवर जन्म काढलेल्या माणसाला साठीला आल्यावर जळफळाट सुटावा, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शेजारचा तानाजी तेवढा ओळखून होता. लहानपणापासूनचा जोडीदार, तोंडाचा फटकळ.

“गड्या, तुला तिच्या मरणाचं दुःख हाय का त्या म्हाताऱ्याचं?” तानाजी म्हणाला.

“तू गप रं.”

“गप बसतो. पण तू एकदा जाऊन बघून ये. न्हाईतर ह्या मेंढरास्नी शिव्या घालून घालून तू मरशील.”

“मेंढरं कोण बघंल?”

“तवा हेच म्हणलास आन् ती एकली गेली. आता मी बघतो. जा.”

पासपोर्ट झाला. वर्ष भरायला महिना राहिला असताना अर्जुना सिंगापूरला उतरला. लेकीनं बाळ पायावर घातलं. शिवतेज नाव ठेवलं होतं, नाक आजीचं होतं. अर्जुना रडला, जेवला आणि लगेच म्हणाला, “तुझ्या आईनं जे जे बघितलं ते समदं मला दाव. सोडायचं काय न्हाई.”

बाराव्या मजल्यावरून खाली बघितलं तर पाणी. दोन्ही बाजूंना इमारती आणि मधून हिरवट, भरून चाललेला कालवा. स्वप्नालीनं सांगितलं, हा नदीचा नाही, माणसांनी खणलेला आहे; आधी कागदावर गाव काढलं, कालवा काढला, झाडं काढली, मग बांधलं. अर्जुनाला पटेना. आपल्याकडं टेंभू योजनेचं पाणी येणार येणार म्हणून दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. ते आलं तेव्हा हरणाबाईच्या डोक्याला घागरींचा घट्टा पडून पस्तीस वर्षं झाली होती. आणि इथं लोकांनी निव्वळ बघायला आणि काठानं फिरायला पाणी आणून सोडलं होतं.

सकाळी लेक बाळाची गाडी ढकलत पुढं आणि अर्जुना मागं. काठानं पायवाट, आरशासारखी साफ. दोन्हीकडं मोठी झाडं, फांद्या वर एकमेकींत गेलेल्या. झाडांना नावाच्या पाट्या. गवत गुडघ्याएवढं व्हायच्या आत एक माणूस मशीन घेऊन येत होता, कापून पोत्यात भरत होता.

“ह्ये गवत कुणाच्या जनावराला?” अर्जुनानं विचारलं.

“कुणाच्याच न्हाई तात्या. टाकून देत्यात.”

“एवढं गवत आन् एक शेळी न्हाई गावात,” अर्जुना म्हणाला.

“आईबी हेच म्हणली हुती. पहिल्याच दिवशी. काका लय हसले त्याला.”

दोघं नवरा-बायको एकच बोलले होते आणि हसायला दुसराच माणूस होता.

काठावर घोरपड ऊन खात पडली होती. कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. पुढं पाणमांजरांचं एक कुटुंब पाण्यातून वर आलं, अंग झटकून माणसांच्या पायातून पलीकडं गेलं. लोक थांबून फोटो काढत होते. स्वप्नालीनं फोनवर आईचा फोटो उघडून दाखवला. हीच जागा. हरणाबाई लुगड्यावर पांढरे बूट घालून उभी, पाणमांजराकडं हात करून तोंड भरून हसत होती. घरी भिंतीवर तिचे दोन फोटो होते. दोन्हींत ती शिक्षा झाल्यासारखी उभी. हे हसू अर्जुनानं कधी पाहिलंच नव्हतं, असं नाही. लग्नानंतरची पहिली काही वर्षं पाहिलं होतं. पुढं ते कुठं गेलं, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

“बुटं कुणी घेतली?”

“आमीच.”

“फोटू कुणी काढला?”

“काकांनी.”

अर्जुना फोटोकडं बघत राहिला. म्हणजे ती हसत होती ते फोन धरणाऱ्याकडं बघून.

काकांचा पोरगा सुट्टीला आपल्या बापाला आणि हरणाबाईला जिथं जिथं घेऊन गेला होता, तिथं आठ दिवस लेकीनं त्याला फिरवलं. झाडांच्या मोठ्या बागेत नेलं. तिथं ऑर्किडची फुलं बघायला माणसं तिकीट काढून रांगेत उभी होती. समुद्राच्या तोंडाला बांध घालून गोडं पाणी अडवलं होतं, तिथं नेलं. त्या बांधावरच्या इमारतीच्या छपरावर हिरवळ होती आणि पोरं पतंग उडवत होती. एका बागेत पूर्वीची सिमेंटची गटार फोडून तिची पुन्हा नदी केली होती, दगड लावून, वळणं देऊन. प्रत्येक ठिकाणी अर्जुना आधी फोन मागायचा. फोटोतली जागा शोधायचा. हरणाबाई उभी होती तिथं उभा राहायचा, आणि मग दहा पावलं मागं जाऊन फोटो काढणारा कुठं उभा असेल ते बघायचा. तिकडं जास्त वेळ थांबायचा.

स्वप्नाली शेवटी वैतागली. “तात्या, तुमी आईच्या जागा बघाय आलाय का काकांच्या?”

“तुझ्या काकाला बायकू हाय का न्हाई?”

“हाय की. राहीकाकू. त्यांचं गुडघं गेल्यात, त्या घरात असायच्या. आन् आई माझं आन् बाळाचं करून दमायची, तिला एक तास मोकळीक मिळायची. त्यात तुमाला काय दिसतंय?”

“मला काय दिसत न्हाई. म्हणून तर बघाय आलोय.”

नवव्या दिवशी ते बाकडं आलं. कालव्याच्या वळणावर, झाडाखाली, साधं लाकडी बाकडं. लेक म्हणाली, इथंच. अर्जुना बसला नाही. त्यावर आधीच एक जाड, सोनं घातलेली तमिळ बाई बसली होती, मीनाक्षी आंटी म्हणून. तिनं स्वप्नालीचा हात धरला, बाळाच्या गालाला हात लावून बोटं ओठांना टेकवली, आणि बराच वेळ बोलली. अर्जुनाला त्यातले दोनच शब्द कळले. एक हजबंड. दुसरा अर्जुना.

आपली ओळख निघाली असं समजून त्यानं हात जोडले. बाईनं परक्या माणसाला करावा तसा नमस्कार केला आणि परत स्वप्नालीशी बोलू लागली. स्वप्नालीचा चेहरा उतरला.

“काय म्हणली?” थोडं पुढं गेल्यावर अर्जुनानं विचारलं.

“आईची आठवण काढली.”

“माझं नाव घेतलं तिनं. खरं सांग.”

स्वप्नाली गाडीचं हँडल धरून उभी राहिली. “ती म्हणली, हरणाबाईचे मालक बरे हायेत का. अर्जुना अंकल. लय चांगला माणूस, रोज बायकोसंगं फिराय यायचा, शेवटचं पाणी पाजून मांडीवर डोकं घेऊन बसला हुता. ती म्हणली, गावाकडं गेले ते परत आले न्हाईत व्हय.”

“आन् मी कोण म्हणून इचारलं न्हाई?”

“मी म्हणलं, माझे वडील.”

“मग?”

“मग तिनं विषय बदलला.”

बायकोबरोबर फिरायला गेला, पाणी पाजलं, इथवर अर्जुनानं कसंबसं गिळलं होतं. आता त्या माणसानं नावसुद्धा घेतलं होतं. आणि हे नाव त्याला सांगितलं कुणी? हरणाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात बायका मागं लागल्या तेव्हा रडायला लागली होती, म्हणून तिला सोडून दिलं. रेशन दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या शाळेत, कुठं कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की पदर तोंडाला लावून शेजारणीला कोपर मारायची. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “मी बाळंतीण, घरात हुते. मला काय म्हाईत? मला आजच कळतंय.”

गावाकडं आल्यावर अर्जुना चार दिवस थांबला आणि पाचव्या दिवशी फलटणची एसटी धरली. दिघंची, म्हसवड, दहिवडी करत दुपारी पोचला. जाताना मनात बोलणं जुळवत होता. शिव्यांपासून सुरुवात करायची की शिव्यांनी शेवट करायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

फलटणच्या काकांचं, नानासो भोईट्यांचं घर गावाबाहेर, उसाला लागून; पत्ता लेकीनं दिला होता. कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, ओसरीवर पेपर वाचत होता. टोपी डोक्यावरच होती.

“मी अर्जुना,” अर्जुना म्हणाला. “आटपाडीकडचा.”

नानासो उठून उभे राहिले. पेपर हातातच.

आतून बाईचा आवाज आला, “कोण आलंय वो?”

“खरे अर्जुना आलेत,” नानासो म्हणाले.

राहीबाई गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आल्या. अर्जुनाकडं बघितलं आणि म्हणाल्या, “या. मी म्हणतच हुते, येतील म्हणून. शिव्या द्यायच्या असतील तर चहा पिऊन द्या. ह्यांना उपाशीपोटी सोसत न्हाईत.”

अर्जुनाचं जुळवलेलं बोलणं तिथंच विस्कटलं. तो खुर्चीवर टेकला आणि एकदम म्हणाला, “तिथं लोक तुमाला माझ्या नावानं हाका मारत हुते.”

“मारत हुते.”

“तुमी न्हाई म्हणला न्हाई?”

“पन्नासदा म्हणलो. आवं, माझं इंग्रजी कारखान्याच्या पावतीपुरतं. ऐका तरी. आमी दोघं कालव्यानं फिरायचो, आमच्यात निम्मा वेळ भांडण. त्या म्हणायच्या, तुमच्या फलटणला आयतं कालव्याचं पाणी, तुमाला त्याची किंमत न्हाई. मी म्हणायचो, मग मेंढरं घेऊन इथंच ऱ्हावा. असलं आमचं. एक दिवस त्या मीनाक्षीबाईनं त्यांना इचारलं, हजबंड कुठं हाय, नाव काय. त्या लाजल्या. नाव काय सांगीनात. तोंडाला पदर. आन् बाजूला मी उभा. तिनं धरलंच, की ह्योच नवरा, म्हणून ही लाजतीय.”

राहीबाई म्हणाल्या, “मला येऊन सांगितलं ह्यांनी. मी हसले. पण हरणाबाई तीन दिवस खाली उतरल्या न्हाईत.”

“चौथ्या दिवशी आल्या,” नानासो म्हणाले, “आन् मला म्हणल्या, भाऊ, आमच्या मालकाचं नाव त्या बाईच्या भाषेत कागदावर लिवून द्या. मी तिला दावते. म्हणजे तिला कळंल माझा नवरा दुसरा हाय. मी म्हणलं, देतो, नाव सांगा. आता सांगायचं कसं? लेक बाळंतीण, जावयाला इचारायची लाज. स्वतःला लिवता येत न्हाई. अर्धा तास हरणाबाई कालव्याच्या कठड्याला धरून उभी हुती. मला म्हणली, तिकडं तोंड करा. मी केलं. मग पाण्याकडं बघून म्हणली.”

“काय म्हणली?”

“अर्जुना म्हणली.”

राहीबाईंनी चहा अर्जुनाच्या हातात दिला. तो त्यानं तसाच खाली ठेवला.

“मी इंग्रजीत लिवून दिलं,” नानासो पुढं म्हणाले. “त्यांनी कागूद नेऊन दावला. त्या बाईनं वाचलं, अर्जुना, आन् माझ्याकडं बघून म्हणली, हॅलो मिस्टर अर्जुना. तिला वाटलं माझंच नाव. झालं, सगळ्या बागेत मी अर्जुना. हरणाबाईनं कपाळाला हात लावला. मग हसायच्याच थांबनात. म्हणल्या, जाऊ द्या भाऊ, मालक आलं की आपणहून कळंल तिला. बोलावणार हाय मी त्यांना.”

“कशी म्हणली?” अर्जुनानं विचारलं.

“काय?”

“माझं नाव. कसं म्हणली? हळू, जोरात? पुढं काय लावलं? म्हणून दावा.”

नानासोंनी बायकोकडं बघितलं. मग खाकरून, मान खाली घालून म्हणाले, “अर्जुना.” म्हातारा, जाड आवाज. त्यांनाच ते जमलं नाही असं वाटलं, म्हणून परत एकदा म्हणाले, जरा हळू.

“मला कवाच म्हणली न्हाई,” अर्जुना म्हणाला. “अडतीस वर्सं. तुमाला म्हणली.”

“आवं, पण तुमचंच नाव हुतं की,” राहीबाई म्हणाल्या.

“माझंच हुतं. म्हणून तर.”

नानासो टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत बसले. मग म्हणाले, “एक ऱ्हायलंय सांगायचं. तुमच्या लेकीलाबी सांगितलेलं न्हाई. त्या कलंडल्या तवा माझ्याकडं पाण्याची बाटली हुती. डोळं उघडं हुतं त्यांचं. मला कळत हुतं, ह्ये पाणी माझ्या हातचं न्हाई, माझा काय हक्क. पण दुसरं कोण न्हाई. मग मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणलं, हरणाबाई, अर्जुना पाणी पाजतोय. आन् पाजलं. दोन घोट गेलं. तुमचं नाव चोरलं म्हणा, वापरलं म्हणा. तुमाला राग आला तर मला पटंल.”

अर्जुना उठला. पायात चपला घालताना त्याला दोनदा डावी-उजवी चुकली. राहीबाई म्हणाल्या, जेवून जावा. तो म्हणाला, “चारची गाडी हाय.” नानासो फाटकापर्यंत आले, रस्त्यापर्यंत आले, आणि एसटी स्टँडपर्यंत बरोबर चालत आले. वाटेत दोघं उसाच्या भावावर बोलले. गाडीला वेळ होता, तेव्हा पावसावर बोलले. त्या माणसाची चाल सावकाश होती, बरोबरच्या माणसाला मागं पडू न देणारी. अर्जुनाच्या ते ध्यानात आलं, आणि हेही, की असंच तिच्याबरोबरही चालला असणार.

गाडी दहिवडीच्या पुढं आली तेव्हा त्याला कळलं की नानासोंनी हरणाबाईच्या कानात काय सांगितलं ते आपण ऐकलं, आणि त्यावर एक अक्षर बोललो नाही.

याला आता सहा महिने झाले. नानासोंचा महिन्यातून एखादा फोन येतो. अर्जुना टाकीवर चढून घेतो. डाळिंबाचं, गुडघ्याचं, शिवतेज पळायला लागल्याचं बोलणं होतं. जळफळाट कमी झाला म्हणावा तर झालेला नाही. कधी कधी फोन ठेवल्यावर दिवसभर टिकतो. पण त्या माणसानं हरणाबाईला पाणी पाजलं आणि ते अर्जुनाच्या नावानं पाजलं, त्याबद्दल “लय उपकार झाले” एवढं त्याला म्हणायचं आहे. ते अजून म्हटलेलं नाही.